शनिवारचं पान

डॉक्टर एमोसी वुलाओनो यांनी आयुष्यात नाव घेण्यासारखं काही केलं नाही. सरकारनं तीस वर्षं त्यांना बेटाबेटांवर फिरवलं, त्यांनी हजारो गळवं फोडली, बाळंतपणं केली, मासेमारीचे गळ लोकांच्या बोटांतून उपसले. शेवटची नेमणूक वातुरुआ बेटावर होती. बारा खाटांचं इस्पितळ, एक डॉक्टर, एक नर्स. आणि नर्स म्हणजे त्यांचीच बायको कालेसी. पंचावन्नाव्या वर्षी निवृत्त होऊन दोघं राजधानीत, सुव्याला आली. सहा वर्षं घरी बसून काढल्यावर कॉलेजातून बोलावणं आलं. वैद्यकीच्या मुलांच्या एका गटाबरोबर आठवड्यातून दोनदा बसायचं. शिकवायचं मात्र नाही.

ऐकणाऱ्याला हे खरं वाटत नाही, पण ती पद्धतच तशी आहे. सोमवारी आठ मुलं एका टेबलाभोवती बसतात आणि त्यांना एका पेशंटच्या हकिगतीचं पहिलं पान मिळतं. एकजण गट हाकतो, एकजण फळ्यावर लिहितो. आपल्याला काय माहीत आहे, काय वाटतं, काय शिकून यायला हवं, असं सगळं मुलांनीच ठरवायचं. गुरुवारी ज्यानं त्यानं शिकून आलेलं बाकीच्यांना सांगायचं, मग पुढची पानं. मास्तर कोपऱ्यात मूग गिळून बसतो. कुणी काही विचारलंच तर त्याचं एकच उत्तर ठरलेलं असतं, "गटाला काय वाटतं?"

नव्या मुलांची पहिल्या महिन्यात दाणादाण उडते. बा गावचा प्रणील नावाचा मुलगा घरी फोन करून म्हणाला, इथे कुणी शिकवतच नाही, आणि त्याच्या बापानं रागारागानं कॉलेजला फोन लावला, की मग मास्तर तिथे करतात तरी काय? बापाचं चुकलं नव्हतं. पण हळूहळू मुलं तयार होतात, भांडायला लागतात, पुस्तकं उघडायला लागतात. या कामात एमोसींचा हात कुणी धरला नसता. काही मास्तरांना राहवत नाही, मुलं चुकायला लागली की ते मध्ये तोंड घालतात. एमोसींनी पाच वर्षांत कधी घातलं नाही. कॉलेजनं त्यांना त्याबद्दल प्रशस्तिपत्रक दिलं, ते कालेसीनं चहाच्या डब्यांच्या फळीवर उभं करून ठेवलं होतं. "गप्प बसायचं बक्षीस मिळालंय आमच्या यांना," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची. सांगताना हसायची नाही.

त्याला कारण होतं.

बेटांवरच्या अनुभवातून एखादी केस लिहून द्या, असं कॉलेजनं सांगितलं तेव्हा एमोसींनी सालोतेची केस लिहिली होती. तीस वर्षांत शेकडो पेशंट पाहिले, पण लिहायला बसल्यावर हातातून तीच उतरली. खाई त्याला खवखवे. सालोते ही वातुरुआवरच्या नाइवाकाउ गावची, वेरेमो नावाच्या कोळ्याची बायको, बत्तीस वर्षांची, पाच महिन्यांची गरोदर. बुधवारी सकाळी वेरेमोनं तिला होडीतून आणलं. आडवं झोपता येत नव्हतं म्हणून माशांच्या बर्फाच्या पेटीला टेकवून बसवलेली, तोंडातून गुलाबी फेस. लहानपणी घसा आणि सांधे धरले होते, त्यातून हृदयाची झडप अरुंद झालेली, आणि गरोदरपणाचा भार त्या हृदयाला पेलला नाही. दुपारच्या आत गेली. कागदावर हे सगळं आहे. नाव, गाव, बेट तेवढं बदललेलं. घरच्यांनी आधी मालिश करणाऱ्या बाईला बोलावलं होतं, हेही आहे.

कागदावर शनिवार नाही.

त्याआधीच्या शनिवारी दुपारी सालोते होडीतून उतरून स्वतःच्या पायांनी इस्पितळात आली होती. सोबत नवरा होता आणि आठ वर्षांची मुलगी. खोकला येतो, पडलं की दम लागतो, असं म्हणाली. त्या दिवशी एमोसींच्या जुन्या शाळेचा रग्बीचा अंतिम सामना होता आणि टेबलावर रेडिओ लागलेला होता. त्यांनी नळी तिच्या झग्यावरूनच छातीला लावली. नर्स कालेसी हळूच म्हणाली, "कुशीवर वळवू का तिला?" एमोसींनी हात वर करून तिला गप्प केलं, कारण नेमका तेव्हाच त्यांच्या शाळेचा पोरगा चेंडू घेऊन सुटला होता. सर्दी छातीत उतरलीय, सोमवारी परत या, असं सांगून त्यांनी तिला लावून दिलं. सोमवारी आणि मंगळवारी समुद्र असा खवळला की होडी काढणं म्हणजे मरणच होतं. रविवारी मालिशवाली बोलावली ती सोमवारपर्यंत नुसतं बसून करायचं काय, म्हणून.

बुधवारी तिचे कागद भरताना एमोसींनी लिहिलं, 'नातलगांनी उशिरा आणलं.' पुढे केस लिहायला बसले तेव्हा शनिवारचं एक पान लिहिलंही होतं. ते त्यांनी फाडलं. तेव्हापासून दरवर्षी आठ मुलं त्या बाईच्या मरणाचा शोध घ्यायची, दरवर्षी फळ्यावर 'घरच्यांचा हलगर्जीपणा' असं लिहायची, आणि एमोसी कोपऱ्यात बसून ते वाचायचे. मास्तरनं बोलायचं नाही हा नियम त्यांनी केला नव्हता, पण त्या नियमाच्या आड त्यांना छान बसता आलं, हे खरं आहे.

सहाव्या वर्षी नवा गट आला. पहिल्या दिवशी आमच्याकडे जो तो आपलं गाव सांगतो, बापाचं नाव सांगतो. त्याशिवाय माणसाची ओळख झाली असं कुणी मानत नाही. दाराजवळच्या खुर्चीवरची पोरगी खाली मान घालून म्हणाली, "मी रेआपी. वातुरुआची. नाइवाकाउ गाव. वेरेमोची मुलगी."

एमोसींचा चहा हातातच गार झाला. बाकीच्यांची नावं त्यांनी ऐकली, पण एकही डोक्यात राहिलं नाही.

घरी येऊन त्यांनी कालेसीला सांगितलं. ती दालोचे कंद सोलत होती. तिनं सुरी खाली ठेवली.

"ती केस कितव्या आठवड्यात येते?"

"चौथ्या."

"मग तीन आठवडे आहेत. बदलून घ्या म्हणून सांगा ऑफिसात."

"कारण काय सांगू?"

"कारण तुम्हाला माहीत आहे, तोमासीचे बाबा. मला काय विचारता?"

तोमासी हा त्यांचा थोरला मुलगा. कालेसी नवऱ्याला अशीच हाक मारायची. त्या तीन आठवड्यांत एमोसी दोनदा ऑफिसच्या दारापर्यंत गेले आणि दोनदा सुट्टीचा अर्ज कुठे मिळतो ते विचारून परत आले.

रेआपी गटात बोलायची नाही. मोठ्यांसमोर पोरीनं बोलू नये, बोललं तर बापाला शरम, अशा घरातून ती आली होती. प्रणील तोंडाचा पट्टा सोडायचा, मेले नावाची टोंगाची मुलगी त्याला अडवायची, बाकीची मुलं विषय वाटून घ्यायची, आणि रेआपी वहीत लिहीत बसायची. पण या पद्धतीत बोलण्यालाच गुण असतात. तिसऱ्या आठवड्याच्या शेऱ्यात एमोसींनी लिहिलं, 'बोलत नाही. असंच राहिलं तर नापास होईल.'

कालेसीनं तो कागद वाचला. "बोलू नका असं आपणच शिकवतो पोरींना," ती म्हणाली, "आणि गप्प बसल्या म्हणून मार्कंही आपणच कापतो. बरं आहे."

चौथा सोमवार आला. त्या दिवशी फळ्यावर लिहायची पाळी रेआपीची होती. मेलेनं पहिलं पान मोठ्यानं वाचलं. 'बसवूनच आणलं होतं, माशांच्या बर्फाच्या पेटीला टेकवून,' या ओळीशी रेआपीच्या हातातला खडू थांबला. एमोसींनी नाव बदललं होतं, बेट बदललं होतं. पेटी बदलायचं त्यांना सुचलं नव्हतं.

तिनं एकदाच वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग फळ्याकडे तोंड करून बाकीचे सांगतील ते लिहीत राहिली. धाप. गरोदर. गुलाबी फेस. मालिश. शिकून यायचे विषय वाटले तेव्हा, चार आठवड्यांत पहिल्यांदाच, तिनं आपणहून एक मागून घेतला. "हृदयाचे आवाज मी करते."

गुरुवारी तिची पाळी आल्यावर ती उभी राहिली. उभं राहायची गरज नसते, पण ती राहिली.

"झडप अरुंद झाली की एक खोल आवाज येतो," ती म्हणाली. "दुसऱ्या गावात ढोल वाजत असावा इतका खोल. झग्यावरून नळी लावली तर येत नाही. बाईला डाव्या कुशीवर वळवायचं, नळीची लहान बाजू कातडीवर हलकी ठेवायची. मग येतो."

"छान," मेले म्हणाली.

"हा आवाज मरायच्या दिवशीच येतो की आधीपासून असतो?"

"आधीपासून. वर्षानुवर्षं असतो," प्रणील म्हणाला. "झडप काय एका दिवसात बिघडत नाही."

"म्हणजे चार दिवस आधी असणारच."

"असणारच."

"आणि गरोदर बाईला पडल्यावर दम लागतो म्हटल्यावर, तो आवाज ऐकणारा डॉक्टर तिला घरी पाठवेल?"

"वेड लागलंय का? दाखल करेल. पाणी उतरायचं औषध देईल, सुव्याला कळवेल. पण ती डॉक्टरकडे गेलीच नाही ना. घरच्यांनी मालिशवाली गाठली."

"समजा गेली. शनिवारी." रेआपीचा आवाज बारीक झाला होता, पण थांबला नाही. "डॉक्टरांनी झग्यावरूनच ऐकलं आणि सोमवारी या म्हणाले. डॉक, असं होऊ शकतं का?"

आठही मुलं कोपऱ्याकडे बघायला लागली. एक साधं 'हो' पुरलं असतं. बारा वर्षं घशात अडकलेलं ते 'हो' त्या पोरीनं हातावर काढून समोर धरलं होतं, नुसतं म्हणायचं बाकी होतं. एमोसींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"गटाला काय वाटतं?" ते म्हणाले.

गटाला काय वाटायचं? प्रणील म्हणाला की कागदात नाही ते धरायचं नाही, नाहीतर काहीही समजता येईल. मेले रेआपीच्या तोंडाकडे बघत राहिली. उशिराचं कारण लिहायचं राहिलं होतं. प्रणीलनं सांगितलं, "नवऱ्याचा अडाणीपणा." खडू अजून रेआपीकडेच होता. तिनं ते एकेक अक्षर सावकाश लिहिलं, खडू ठेवला आणि जाग्यावर जाऊन बसली.

संध्याकाळी एमोसींनी तिच्या शेऱ्यात लिहिलं, 'आता बोलू लागली आहे. उत्तीर्ण.' लिहून झाल्यावर त्यांना स्वतःची किळस आली. ते ओट्यावर जाऊन उभे राहिले आणि कालेसीला सगळं सांगितलं, फळ्यावरच्या त्या शब्दांसकट.

कालेसीनं हातातलं काम खाली ठेवलं. मग म्हणाली, "सालोतेला कुठे पुरलंय, ठाऊक आहे तुम्हाला?"

"नाइवाकाउला असेल."

"नासेलेला. माहेरी. तिचे भाऊ प्रेत उचलून घेऊन गेले. इस्पितळाच्या कागदावर उशीर लिहिलाय म्हटल्यावर ते वेरेमोला सोडतात होय? त्यानं देवमाशाचा दात नेला, त्यांच्यापुढे माफी मागितली. त्यांनी दात घेतला. पण अजून तो थडग्यापाशी आला की सगळे उठून घरात जातात. मला तिथली नर्स सांगते दरवर्षी." ती थांबली. "मीपण गप्प बसले हो त्या दिवशी. डॉक्टरला शिकवू नये म्हणून. मी काही तुमच्याहून फार वेगळी नाही."

पुढच्या आठवड्यात कॉलेजला सुट्टी लागली. एमोसींनी आपल्या बापाच्या वेळचा देवमाशाचा दात पेटीतून काढला. आमच्याकडे मोठ्या चुकीची माफी नुसत्या तोंडानं मागत नाहीत. दात घेऊन जायचं, जमिनीवर बसायचं, मान खाली घालायची. समोरच्यानं दात हातात घेतला की ती गोष्ट मिटली. मग त्यावर कुणी ब्र काढायचा नाही, चूक करणाऱ्यानंही नाही आणि सोसणाऱ्यानंही नाही. चांगली रीत आहे. गावं तिच्यावर टिकून आहेत. एमोसी आणि कालेसी बोटीनं वातुरुआला गेले, तिथून होडीनं नाइवाकाउला.

वेरेमोच्या घरात चटई अंथरली होती. वेरेमो मध्ये, त्याच्या बाजूला थोरला भाऊ, आणि दाराजवळ बायकांच्या मागे रेआपी. वेरेमो पन्नाशीचा नसेल, पण सत्तरीचा दिसत होता. एमोसी गुडघ्यांवर पुढे सरकले आणि दात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "वेरेमो, हा दात सालोतेसाठी. माझ्याकडून मोठी चूक झाली. तुझी माफी मागायला..."

वाक्य पुरं व्हायच्या आत वेरेमोनं दात घेतला. थोरल्या भावानं रीतीप्रमाणे पोकळ हातांनी टाळ्या वाजवल्या. झालं. गंगेत घोडं न्हालं.

"वुनीवाई," वेरेमो म्हणाला. आमच्याकडे डॉक्टरला असंच म्हणतात. "तुम्ही उगीच एवढ्या लांब आलात. बुधवारी तुम्ही तिच्याजवळून हलला नाहीत, ते मी पाहिलंय. सगळं काही माणसाच्या हातात नसतं. सोमवारी या म्हणाला होतात, मी बुधवारी आलो. चूक माझी आहे, आणि ती मी कबूल केलेली आहे."

समेटावर प्यायच्या यांगोनाची वाटी भरली जात होती. ती प्यायची, टाळी वाजवायची आणि परतीची होडी धरायची, एवढंच उरलं होतं. दात घेतला गेला होता. माफी मिळाली होती, आणि कशाची ते सांगावंही लागलं नव्हतं. एमोसींनी दाराकडे पाहिलं. रेआपी चटईकडे बघत बसली होती. वर्गात तिला बोलायचा हक्क होता. इथे तोही नव्हता.

"वेरेमो, मला बोलायचंय," एमोसी म्हणाले.

थोरला भाऊ दचकला. "वुनीवाई, दात घेतला. आता त्यावर बोलत नाहीत."

"माहीत आहे. तरी बोलतो." आणि त्यांनी सांगितलं. रेडिओ सांगितला, झगा सांगितला, कालेसीला हात करून गप्प केलं ते सांगितलं. "शनिवारी मी तिला कुशीवर वळवलं असतं तर मला ऐकू आलं असतं. मी तिला घरी सोडलीच नसती. सोमवार, समुद्र, होडी, मालिश, यातलं काहीच आलं नसतं. उशीर मी केला आणि कागदावर तुझ्या नावानं लिहिला."

  वेरेमो मांडीवरच्या दाताकडे बघत राहिला. मग त्यानं तो उचलला आणि एमोसींच्या पुढ्यात चटईवर ठेवला.

"वेरेमो," थोरला भाऊ हलक्या आवाजात म्हणाला, "घेतलेला दात परत देत नाहीत."

"मी दुसऱ्या गोष्टीसाठी घेतला होता."

"असं करू नकोस. लोक काय म्हणतील?"

"लोक बारा वर्षं म्हणतायत." वेरेमोचा आवाज चढला नाही. तो एमोसींकडे बघत बोलत होता. "मी पोरीला आईच्या थडग्यावर नेलं की तिचे मामा पाठ फिरवतात. पोरगी विचारायची, बाबा, ते का जातात? मी सांगायचो, माझ्यामुळे. तिला मी सांगितलं, वुनीवाई, की तुझी आई माझ्यामुळे गेली." त्यानं हाताच्या पालथ्या बाजूनं तोंड पुसलं. "हा दात मला नको. नासेलेला न्या. तिच्या भावांच्या पुढ्यात ठेवा आणि आत्ता बोललात ते तिथे बोला."

"ते घेतील?"

"मला काय माहीत? माझा त्यांनी घेतला, तेव्हा मला वाटलं होतं की घेतला."

होडी वेरेमोनंच काढली. पुढे कालेसी आणि रेआपी बसल्या, मध्ये एमोसी, मांडीवर दात. नासेले बेटाच्या दुसऱ्या अंगाला आहे, तासाभराची वाट. वाटेत कालेसीनं एकदा पाण्याची बाटली पुढे केली, ती रेआपीनं घेतली, प्याली आणि बापाला दिली.

किनाऱ्याला लागल्यावर वेरेमो खाली उतरला नाही. त्यानं वल्ह्यानं होडी धरून ठेवली आणि समुद्राकडे तोंड करून बसला. रेआपीनं एमोसींचा हात धरून त्यांना पाण्यातून वाळूवर आणलं.

"डॉक," ती म्हणाली, "वर गेल्यावर मला मागे बसावं लागेल. तिथे मला बोलता येणार नाही. तुम्ही मध्येच थांबलात तर पुन्हा कुणीच बोलणार नाही."

सालोतेचे दोघे भाऊ वर घरासमोर जाळं विणत बसले होते. त्यांनी आधी डॉक्टरला ओळखलं आणि थोरला उठून दोन पावलं पुढेही आला. मग होडीत कोण बसलंय ते त्याला दिसलं. त्यानं धाकट्याला काहीतरी म्हटलं, जाळं खाली टाकलं, आणि दोघं दाराकडे वळले. आता ते आत गेले की दार लागणार होतं, आणि लागलेल्या दारासमोर दात ठेवता येत नाही. एमोसींनी दात दोन्ही हातांत धरला, आणि वर जायची, बसायची, मान खाली घालायची वाट न बघता, पाण्याच्या कडेला वाळूवरच उभे राहून ते सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला लागले, की ती शनिवारी आली होती, वेरेमोनं तिला शनिवारीच आणलं होतं.